टनांचा हिशेब : ‘क्लेमांसो’, अलंग आणि ९४ एक्स-रे

३१ डिसेंबर २००५. फ्रान्समधल्या तूलों बंदरातून एक विमानवाहू जहाज निघालं. निघालं म्हणजे टगबोटीने ओढून नेलं. २६५ मीटर लांबीचं हे धूड १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षं ‘क्लेमांसो’ या नावाने फ्रेंच नौदलात मिरवलं होतं. आता सरकारी कागदांवर त्याला नावही उरलं नव्हतं, ‘क्यू ७९०’ एवढा नंबर होता. पत्ता होता जहाजं भंगारात तोडण्याचा किनारा: अलंग, जिल्हा भावनगर, गुजरात.

ते अलंगला कधीच पोचलं नाही. सुएझ ओलांडून अरबी समुद्राच्या तोंडाशी आलं आणि अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून माघारी गेलं. बातम्यांमध्ये हे प्रकरण ‘विषारी जहाज परतवलं’ असं गाजलं आणि विसरलं गेलं. औद्योगिक सुरक्षा शिकवताना मी ते दरवर्षी वर्गात घेतो, पण जहाज परतवलं म्हणून नव्हे. सहा आठवडे दोन देशांची सरकारं, न्यायालयं, मंत्री आणि ठेकेदार ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे आगीला न जुमानणाऱ्या एका तंतुमय खनिजाचे, टन मोजत होते. जे मोजायला हवं होतं, ते दुसरीकडेच होतं.

जहाजात ॲस्बेस्टॉस कशाला?

आपल्याकडे ॲस्बेस्टॉस म्हटलं की चाळीवरचा, गोठ्यावरचा ‘सिमेंटचा पत्रा’ आठवतो. जहाजातलं ॲस्बेस्टॉस वेगळं. ‘क्लेमांसो’ १९५५ ते १९६१ या काळात ब्रेस्टच्या सरकारी गोदीत बांधलं गेलं. ते वाफेवर चालायचं. बॉयलर, टर्बाइन, आणि त्यांना जोडणारे मैलभर वाफेचे पाइप. पाइप उघडे ठेवले तर वाफेची ताकद वाया जाते आणि शेजारून जाणारा खलाशी भाजतो. म्हणून पाइपावर लॅगिंग करायचं: ॲस्बेस्टॉसचा लगदा किंवा अर्धगोल ठोकळे बसवायचे, वरून कापड गुंडाळायचं, त्यावर लेप द्यायचा आणि रंग मारायचा. शिवाय आगीची भीती. जहाजात आग लागली तर पळणार कुठे? म्हणून खोल्यांच्या भिंतींच्या आतल्या थरात, दारांत, केबलींच्या वेष्टनात, गास्केटांत आणि विंचांच्या ब्रेकलाही हाच माल. त्या काळच्या अभियंत्याला विचारलं असतं तर त्याने ॲस्बेस्टॉसला जीवरक्षकच म्हटलं असतं, आणि आगीपुरतं ते खोटंही नव्हतं.

लॅगिंग शाबूत आहे तोवर ते फारसं कुणाचं वाकडं करत नाही. धोका असतो ते बसवताना, दुरुस्तीला उखडताना आणि शेवटी जहाज तोडताना. यातलं बसवणं त्यातल्या त्यात बरं, कारण पुष्कळदा माल ओला असतो. उखडणं वाईट. वीस-तीस वर्षं वाफेने भाजून निघालेलं लॅगिंग खडूसारखं ठिसूळ होतं. हातोडीचा एक घाव बसला की खोलीभर धुरळा. तंतू इतके बारीक की तासन्‌तास हवेत तरंगतात आणि डोळ्याला दिसत नाहीत. ब्रिटिश नौदलाच्या गोद्यांमध्ये काम केलेले नौदलाचेच डॉक्टर पी. जी. हॅरीज यांनी १९६८ मध्ये या धोक्यावर लिहिलं होतं. गोदीतली खरी गोम अशी की धूळ उडवतो लॅगर, पण श्वास त्याच खोलीतले वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, रंगारी असे सगळेच घेतात. पुढे आजारी पडले त्यांत हे ‘शेजारी’ कामगार मोठ्या संख्येने होते. ज्याने ॲस्बेस्टॉसला आयुष्यात हात लावला नाही, त्याने ‘मी ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंय’ असं डॉक्टरला का सांगावं?

तूलोंमध्ये काय झालं

फ्रान्सने १ जानेवारी १९९७ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. ‘क्लेमांसो’ निवृत्त झालं तेही १९९७ मध्येच. म्हणजे जहाज भंगारात निघालं तेव्हा त्यातला माल देशात बेकायदा झालेला होता.

पहिला प्रयत्न २००३ चा. जहाज एका स्पॅनिश कंपनीला विकलं गेलं, पण ते स्पेनऐवजी तुर्कस्तानच्या दिशेने ओढलं जातंय असं लक्षात आलं. सौदा मोडला. ग्रीसनेही घेतलं नाही. जहाज पुन्हा तूलोंला आलं. मग २००४ मध्ये नवा करार झाला: ॲस्बेस्टॉसचा काही भाग फ्रान्समध्ये काढायचा, उरलेल्यासह जहाज अलंगला तोडायचं. ‘काही भाग’ म्हणजे किती? सरकारचं म्हणणं असं की हाताला लागेल ते सगळं काढलं, उरलेलं जहाजाच्या हाडामांसात रुतलेलं आहे. तेही काढायला गेलो तर जहाज समुद्रातून ओढून नेण्याजोगं राहणार नाही.

मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण त्याचा सरळ अर्थ काय होतो? जे काढायला सगळ्यात अवघड, सगळ्यात जास्त तोडफोड करावी लागणारं, ते काम सगळ्यात कमी साधनं असलेल्या माणसांकडे पाठवायचं.

तूलोंमध्ये असं काम कसं होतं ते समोर आणून पाहा. खोली जाड प्लॅस्टिकने आतून बंद करतात. पंखा लावून आतली हवा सतत बाहेर खेचतात, पण अतिसूक्ष्म गाळणीतून, म्हणजे फट राहिली तरी हवा बाहेरून आत येईल, आतली बाहेर जाणार नाही. माल पाण्याने भिजवून मगच सोडवतात. कामगाराच्या अंगावर एकदाच वापरायचा झगा, तोंडाला पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा. बाहेर येताना आधी झग्यासकट शॉवर, मग झगा काढून फेकायचा, मग पुन्हा आंघोळ, मुखवटा सगळ्यात शेवटी. कचरा दुहेरी पिशवीत, त्यावर चिठ्ठी, आणि ठरलेल्या जागीच पुरणं.

आता अलंग. १९८३ पासून इथे जहाजं तुटतात, कारण खंभातच्या आखातातली भरती. दहा मीटरच्या आसपास पाणी चढतं. उधाणाच्या भरतीला जहाज पूर्ण वेगात किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटी लागली की ते चिखलात बसतं. ना सुकी गोदी, ना बंद खोली. गॅसकटरवाले वरून तुकडे पाडतात, हेल्पर ते ओढतात, टोळी खांद्यावर प्लेटा वाहते. २००५ च्या सुमाराला तोंडाला बांधायला बहुतेकांकडे रुमालच असायचा. रुमालाने लोखंडाचा कीस अडतो. ॲस्बेस्टॉसचा घातक तंतू केसापेक्षा कित्येक पट बारीक. त्याच्या लेखी रुमाल म्हणजे उघडं दार.

४५, ११५, ५००, १०००

आता हिशेब. फ्रेंच सरकार म्हणालं, ११५ टन ॲस्बेस्टॉस काढलं, ४५ टन उरलंय. पहिल्या टप्प्याचं काम केलेल्या ठेकेदाराने उघडपणे सांगितलं की आम्ही ७० टनांच्या आसपास काढलं, आणि जहाजावर एकूण ५०० ते १००० टन असावं. एकीकडे ४५, दुसरीकडे हजार. मग फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रेंच संरक्षणमंत्री मिशेल आलियो-मारी यांनाच कबूल करावं लागलं की पुरलेल्या कचऱ्याची वजनं जुळवली तर ११५ नव्हे, ८५ टनच भरतात. ३० टनांचा पत्ता लागेना.

वर्गात इथे हमखास प्रश्न येतो: ‘सर, खरं कोण बोलत होतं?’ कदाचित दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. निव्वळ ॲस्बेस्टॉस वेगळं आणि ॲस्बेस्टॉस मिसळलेलं सामान वेगळं. भिंतीच्या फळीत ते दहा टक्के असेल, तर फळी मोजायची की तंतू? पुरायला न्यायची असते अख्खी फळी, ओली पिशवी, कामगाराचा झगा, सगळं. कोणता आकडा तोंडावर फेकायचा हे कोणती बाजू मांडायची आहे त्यावर ठरतं. जहाजाची जागेवर जाऊन, भिंती उघडून, नमुने तपासून केलेली यादी असती तर हा गोंधळ उरलाच नसता. जहाजापाशी तीच नव्हती.

दिल्ली आणि पॅरिस

इकडे भारताची बाजू कायद्याने पक्की होती, फक्त पाळली जात नव्हती. घातक कचऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ रोजी स्पष्ट म्हटलं होतं की तोडायला येणारं जहाज मालकाने आधी घातक पदार्थांपासून साफ करून पाठवावं. न्यायालयाच्या देखरेख समितीने ६ जानेवारी २००६ ला प्राथमिक मत दिलं: या जहाजाला येऊ देऊ नये. १६ जानेवारीला न्यायालयाने प्रवेश तूर्त रोखला. दरम्यान इजिप्तने कालव्यापाशी काही दिवस अडवलं, ग्रीनपीसचे कार्यकर्ते जहाजावर चढले, मग कालवा उघडला आणि जहाज पुढे सरकलं.

शेवट मात्र पॅरिसमध्ये झाला. फ्रेंच सरकारचा बचाव असा की हे ‘युद्धसामग्री’ आहे, कचरा नव्हे, म्हणून कचरा निर्यातीचे नियम लागू नाहीत. ३० डिसेंबरला पॅरिसच्या प्रशासकीय न्यायालयाने जहाज जाऊ दिलं होतं. १५ फेब्रुवारी २००६ ला तिथलं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय, कॉन्सेय द’एता, उलट बोललं: निर्यातीच्या वैधतेबद्दल गंभीर शंका आहे, स्थगिती. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष जॅक शिराक यांनी जहाज परत बोलावलं. चार दिवसांनी ते भारतभेटीवर यायचे होते. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते दुसरंच. ऑक्टोबर २००५ मध्ये, म्हणजे जहाज सुटण्याच्या दोन महिने आधी, फ्रेंच सिनेटचा ॲस्बेस्टॉसवरचा अहवाल आला होता. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत फ्रान्समध्ये ॲस्बेस्टॉसने ३५ हजार बळी घेतले आणि येत्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी ६० हजार ते १ लाख जातील, असा त्यातला अंदाज. नौदलाच्या गोद्यांमधल्या ॲस्बेस्टॉसबाधित कामगारांना पन्नाशीपासून लवकर निवृत्त होण्याची सोय फ्रेंच राज्याने स्वतःच करून ठेवली होती, भरपाईसाठी वेगळा निधीही होता. आपल्या गोदीतला फिटर याने मरतो हे सरकारला माहीत होतं, ते त्याला पेन्शन देत होतं. तोच माल अलंगच्या हेल्परपुढे आला की ‘फक्त ४५ टन’ झाला.

९४ माणसं

‘क्लेमांसो’ माघारी गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जहाजतोडणीच्या सगळ्या अंगांसाठी तज्ज्ञ समिती नेमली. पर्यावरण सचिव प्रदीप्तो घोष अध्यक्ष. २००६ च्या उत्तरार्धात आलेल्या अहवालात दोन आकडे आहेत. पहिला अपघातांचा: जहाजतोडणीत दर हजार कामगारांमागे २ मृत्यू, तर खाणींमध्ये, ज्यांना आपण सगळ्यात धोकादायक मानतो, ०.३४. दुसरा आमच्या विषयाचा. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अलंगमध्ये ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ९४ कामगारांचे छातीचे एक्स-रे काढले. १५ जणांच्या फिल्मवर रेघांसारख्या सावल्या दिसल्या, ॲस्बेस्टोसिसच्या (ॲस्बेस्टॉसने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाच्या) सुरुवातीशी जुळणाऱ्या. सोळा टक्के.

आकडा लहान आहे. ९४ म्हणजे एक वर्ग. सावल्या इतर धुळीनेही येतात, क्षयाचे जुने व्रणही असतात. एका एक्स-रेवरून निदान होत नाही. हे सगळं मान्य. तरी हा आकडा मला ‘हजार टनां’पेक्षा जास्त घाबरवतो, त्याचं कारण रोगाच्या चालीत आहे.

तंतू फुफ्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातो. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला येतात, पण तो त्यांच्यापेक्षा लांब. अर्धा गिळला जातो, पेशी फुटते, दाह होतो, दुसरी पेशी येते. हे वर्षानुवर्षं चालतं आणि मऊ फुफ्फुसाच्या जागी हळूहळू घट्ट व्रण बनतो. हा ॲस्बेस्टोसिस. स्टेथोस्कोप पाठीवर खाली, बरगड्यांच्या शेवटाशी ठेवून दीर्घ श्वास घ्यायला सांगितला की श्वासाच्या अखेरीला बुटाचा वेल्क्रो हळूच उघडावा तसा आवाज येतो. ज्याने एकदा ऐकलाय तो विसरत नाही. दुसरा धोका फुफ्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, फुफ्फुसावरच्या आवरणाचा कर्करोग. निदानानंतर बहुतेकांच्या हाती वर्ष-दीड वर्ष. विडी ओढणाऱ्यासाठी गणित आणखी निर्दय. अमेरिकेत इन्सुलेशन कामगारांवर सेलिकॉफ आणि हॅमंड यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या आकड्यांत, फक्त ॲस्बेस्टॉसने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाच पट, फक्त सिगरेटने सुमारे अकरा पट, दोन्ही मिळून पन्नास पटींहून जास्त. बेरीज नाही, गुणाकार.

आणि हे सगळं उशिरा. ॲस्बेस्टोसिसला दहा-वीस वर्षं, मेसोथेलिओमाला तीस-चाळीस. २००६ मध्ये अलंग अवघं २३ वर्षांचं होतं. ज्यांची तपासणी झाली ते त्या दिवशी कामावर हजर असलेले, म्हणजे अजून काम झेपणारे. ज्यांना दम लागू लागला ते आधीच ओडिशाला, बिहारला, उत्तर प्रदेशला, झारखंडला आपल्या गावी परतलेले. त्यांचा एक्स-रे निघालाच असेल तर तालुक्याच्या दवाखान्यात, आणि खोकला, दम, उतरलेलं वजन म्हटल्यावर पहिला संशय टीबीचा. सहा महिने गोळ्या. फरक पडत नाही म्हणून पुन्हा गोळ्या.

कायदा होता, वही नव्हती

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी, एका ग्राहक संघटनेच्या याचिकेवर, ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी फार दूरचा विचार केलेला निकाल दिला होता. प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे उशिरा असेल तोवर जपून ठेवायची. रोग सिद्ध झाला तर १ लाख रुपये भरपाई. ज्याने हे लिहिलं त्याला रोगाची चाल पक्की कळली होती.

आता हे अलंगच्या प्लॉटवर लावून पाहा. माणूस मुकादमाच्या ओळखीने येतो, एका जहाजापुरता एका प्लॉटवर, पुढच्या जहाजाला दुसऱ्या. हजेरी मुकादमाच्या वहीत, तीही पहिल्या नावाने. जहाज संपलं की वही संपली. चाळीस वर्षांनी कर्करोग झालेल्या माणसाने कुठल्या जहाजाचं, कुठल्या मालकाचं, कुठल्या वर्षाचं नाव घ्यायचं? तूलोंच्या कामगाराकडे गोदीचं सेवापुस्तक होतं, म्हणून त्याला पेन्शन मिळाली. ‘क्लेमांसो’ अलंगला आलं असतं आणि अगदी ४५ टनच निघालं असतं, तरी भरपाई घेणारा कामगार कागदावर सापडला नसता. माझ्या मते प्रकरणाचा गाभा हा आहे. टनांचं गुऱ्हाळ त्याच्या अलीकडचं.

जहाजांचं पुढे काय झालं

‘क्लेमांसो’ १७ मे २००६ ला ब्रेस्टला, म्हणजे जिथे जन्मलं तिथेच, परतलं. फेब्रुवारी २००९ मध्ये ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला एबल यूके या कंपनीकडे गेलं. तिथे सुक्या गोदीत, सावकाश, २०१० च्या अखेरीपर्यंत तुटलं. तेव्हाच्या बातम्यांत जहाजावर सुमारे ७०० टन ॲस्बेस्टॉसमिश्रित सामान असल्याचं छापून आलं. ४५ कुठे आणि ७०० कुठे.

त्याच्या जुळ्या भावाची, ‘फॉश’ची, गत याहून विचित्र. ते २००० मध्ये ब्राझीलने घेतलं, नाव ठेवलं ‘साओ पाउलो’. भंगारात काढताना यादीत ॲस्बेस्टॉस दाखवलं ९.६ टन. एकाच आराखड्याची ही दोन जहाजं. तुर्कस्तानने ऑगस्ट २०२२ मध्ये परवानगी रद्द केली, जहाज अटलांटिक ओलांडून परत गेलं, बंदरं घेईनात, आणि ३ फेब्रुवारी २०२३ ला ब्राझीलच्या नौदलाने ते खोल समुद्रात बुडवून टाकलं.

आपल्याकडच्या दोन विमानवाहू जहाजांनाही हाच वारसा. ‘विक्रांत’ १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये पाण्यात उतरलं, बेलफास्टच्या गोदीत पुरं झालं. ‘विराट’ म्हणजे ब्रिटिशांचं ‘हर्मिस’, आपल्याकडे येण्याआधी डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीत दुरुस्त झालेलं. दोन्ही वाफेची, दोन्ही त्या जुन्या जमान्यातली. ‘विराट’ सप्टेंबर २०२० मध्ये अलंगच्या वाळूवर चढलं. ‘विक्रांत’ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या मुंबईत, रे रोडपलीकडच्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तुटलं. त्याच्या पोलादाची मोटरसायकल निघाली, टाकीवर तसं लिहिलेलं होतं, लोकांनी अभिमानाने घेतली. लॅगिंगबद्दल कुणी विचारलं नाही.

नंतर कायदे सुधारले. २०१३ ची जहाजतोडणी संहिता, २०१९ चा जहाज पुनर्वापर कायदा, आणि २६ जून २०२५ पासून लागू झालेला जहाजतोडणीबाबतचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार. आता जहाजाबरोबर घातक पदार्थांची यादी यावी लागते. अलंगच्या बऱ्याच प्लॉटांवर ॲस्बेस्टॉससाठी बंद खोल्याही झाल्या. यातून उद्याचा कामगार वाचेल. १९९५ साली तिथे हेल्पर असलेल्याची वेळ आत्ता सुरू झालीय.

गेल्या वर्षी वर्गात मी नेहमीचा सराव दिला: साधं आरोग्य-कार्ड, घरातल्या एखाद्या ज्येष्ठाचं भरून आणायचं. ‘पूर्वीच्या नोकऱ्या’ हा रकाना कार्डावर अर्धा इंच उंच आहे. शिवडीहून येणाऱ्या एका मुलाने वडिलांचं कार्ड आणलं. त्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: ‘दारूखाना, हेल्पर. ९१ की ९२. जहाजाचं नाव आठवत नाही.’ खालच्या रकान्यात, सध्याचे आजार: ‘दम लागतो. टीबीचा कोर्स दोनदा झाला.’